खाकी कागद आणि रंगाचा रकाना

पोर्तुगीज शिकायला लागून मला तीन वर्षे होत आली. या काळात एका शब्दाने मला जितके अडवून धरले, तितके त्या भाषेतल्या क्रियापदांच्या असंख्य रूपांनीही धरले नसेल. तो शब्द म्हणजे ‘पार्दो’. पहिल्यांदा तो मला स्टेशनरीच्या यादीत भेटला: ‘पापेल पार्दो’, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आपण वह्यापुस्तकांना ज्याची कव्हरे घालायचो तो खाकी कागद. दुसऱ्यांदा भेटला तो ब्राझीलच्या जनगणनेच्या प्रश्नावलीत. तिथे प्रत्येकाला आपला रंग किंवा वंश सांगावा लागतो आणि त्यासाठी पाच पर्याय असतात: गोरा, काळा, पिवळा, पार्दो (म्हणजे तपकिरी, मिश्र वर्णाचा) आणि मूलनिवासी. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला पार्दो म्हटले, ४३.५ टक्क्यांनी गोरे आणि १०.२ टक्क्यांनी काळे. १९९१ पासूनच्या जनगणनांत पार्दो हा देशातला सर्वांत मोठा गट ठरण्याची ही पहिलीच वेळ. सुमारे नऊ कोटी एकवीस लाख माणसांसाठी वापरला जाणारा शब्द दुकानात कागदाच्या गुंडाळीवरही लिहिलेला असतो, ही गोष्ट मला विचित्र वाटली, आणि ती ब्राझीलमधल्या अनेकांनाही तशीच वाटते हे मला नंतर कळले.

मॅक्सवेल अलेशांद्रे हा त्यांतला एक. १९९० साली जन्मलेला हा चित्रकार रिओ दि जानेरोमधल्या रोसिन्या या डोंगरउतारावरच्या विस्तीर्ण वस्तीत वाढला, इनलाइन स्केटिंगमध्ये रमला, पुढे डिझाइन शिकला. २०१७ मध्ये त्याने खाकी कागदाच्या मोठमोठ्या तावांवर काळ्या माणसांची चित्रे काढायला सुरुवात केली आणि त्या मालिकेला नाव दिले ‘पार्दो ए पापेल’, म्हणजे ‘पार्दो तर कागद असतो’. कृष्णवर्णीयांच्या चळवळीत हे वाक्य घोषणेसारखे फिरत असे. त्याचा मथितार्थ असा की, मला या गुळमुळीत शब्दात गुंडाळू नका, मी काळा आहे. मात्र त्याने ती घोषणा कागदावर लिहिली नाही, तर तो कागदच वापरला. रंग म्हणून त्याने घरांच्या भिंतींना लावायचा लॅटेक्स घेतला, बूटपॉलिश घेतले, कुरळे केस सरळ करण्यासाठी बायका लावतात तो काळा लेप घेतला. आणि उन्हाळ्यात वस्तीतल्या गच्च्यांवर मुलांसाठी मांडल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पाणटाक्यांवरची निळी नक्षी पार्श्वभूमीवर पसरली. चित्रांतली माणसे ऐटीत उभी आहेत, पदवीदानाच्या झग्यांत आहेत, महागड्या गाड्यांजवळ आहेत, आणि त्यांच्याच शेजारी पोलिसही आहेत. कागद छताला टांगलेले असल्यामुळे प्रेक्षकाला त्यांच्यामधून वाट काढत चालावे लागते. हे प्रदर्शन २०१९ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ येथे भरले आणि त्यानंतर रिओमध्ये. बूटपॉलिश आणि केसांचा लेप या दोन गोष्टी निवडण्यामागची तल्लख बुद्धी मला विशेष भावते. एक दुसऱ्याचे जोडे चमकवण्यासाठी, तर दुसरी स्वतःला दुसऱ्यासारखे करण्यासाठी. दोन्हींचा रंग काळाच.

ब्राझीलमध्ये रंगाची ओळख इतकी निसरडी का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अटलांटिकच्या गुलामव्यापारात आफ्रिकेतून अंदाजे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांपैकी जवळपास ४८ लाख एकट्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरली. १३ मे १८८८ रोजी तिथे गुलामगिरी संपली, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. मुक्त झालेल्यांना ना जमीन मिळाली ना शिक्षण. मिळाला तो एक सिद्धान्त. युरोपातून गोरे स्थलांतरित आणले आणि मिश्रविवाह होत राहिले, तर देश हळूहळू ‘गोरा’ होईल, असा तो सिद्धान्त होता. मोदेस्तो ब्रोकोस या चित्रकाराने १८९५ मध्ये त्याचे चित्रच काढून ठेवले: काळी आजी आभाळाकडे हात उंचावून उभी आहे, तिची उजळ वर्णाची मुलगी बसलेली आहे, शेजारी गोरा जावई आहे आणि मांडीवर गोरेपान बाळ. १९११ मध्ये लंडनच्या वंशविषयक परिषदेत रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक जुआंव बातिस्ता दि लासेर्दा यांनी या चित्राचा दाखला देत सांगितले की, शंभरएक वर्षांत ब्राझीलमध्ये काळी माणसे उरणार नाहीत. २०१० च्या जनगणनेत काळे आणि पार्दो मिळून लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक भरले. लासेर्दांच्या मुदतीला तेव्हा जेमतेम वर्ष-दोन वर्षे बाकी होती.

माणसे मात्र या दरम्यान स्वतःसाठी शब्द शोधत राहिली. १९७० च्या जनगणनेत लष्करी राजवटीने रंगाचा प्रश्नच गाळून टाकला होता. १९७६ मध्ये एका सरकारी पाहणीत लोकांना आपला रंग स्वतःच्या शब्दांत सांगायला मोकळीक दिली, तेव्हा १३० हून अधिक उत्तरे आली. त्यांत दालचिनीचा रंग होता, दुधाळ कॉफीचा होता, उन्हाने रापलेला होता, आणि ‘पळणाऱ्या गाढवाचा रंग’ असाही होता. हे वाचताना प्रथम हसू येते. पण ‘काळा’ या एका शब्दाला वळसा घालण्यासाठी माणसांनी किती लांबचा रस्ता धरला आहे हे ध्यानात आले, की हसू ओसरते.

वळसा घालण्याचा मोह फक्त सामान्यांनाच होता असे नाही. मशादो दि असिस (१८३९–१९०८) हा ब्राझीलचा सर्वश्रेष्ठ मानला जाणारा कादंबरीकार. त्याच्या वडिलांचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले, वडील घरांच्या भिंती रंगवणारे. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या ब्राझिलियन साहित्य अकादमीचा तो पहिला अध्यक्ष. त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर रंगाच्या रकान्यात ‘गोरा’ असे लिहिले गेले. एका समीक्षकाने मृत्युलेखात त्याच्या मिश्र वंशाचा उल्लेख केला, तेव्हा गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या जुआकिम नाबुको यांनीच त्याला पत्र लिहून तो शब्द काढून टाकण्याची विनंती केली. आपल्यासाठी मशादो गोराच होता, असे त्यांचे म्हणणे. नाबुकोंना हा सन्मान वाटला असणार, आणि हीच त्यातली सर्वांत बोचणारी बाब आहे. पुढे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत उजळवलेली छायाचित्रे छापली गेली. २०११ मध्ये एका सरकारी बँकेच्या जाहिरातीत मशादोची भूमिका गोऱ्या नटाने केली, तेव्हा इतका गदारोळ झाला की जाहिरात मागे घेऊन काळ्या नटासह पुन्हा चित्रित करावी लागली. २०१९ मध्ये साओ पावलोच्या झुंबी दोस पाल्मारेस महाविद्यालयाने त्याच्या प्रसिद्ध छायाचित्राची सावळ्या वर्णातली आवृत्ती तयार केली, ती सर्वांसाठी खुली केली आणि लोकांना आवाहन केले की, ती छापून घरातल्या जुन्या पुस्तकांतल्या फोटोवर चिकटवा. एका लेखकाचा चेहरा त्याला परत देण्यासाठी डिंक आणि कात्री हाती घ्यायला लावणारी ही मोहीम मला कोणत्याही परिसंवादापेक्षा मोलाची वाटते.

छायाचित्रांवरून रोझाना पावलिनोकडे येते, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या कलावंतांत ती सर्वांत खोल जाणारी आहे. १९६७ मध्ये साओ पावलोत जन्मलेल्या रोझानाने १९९४ मध्ये ‘स्मृतीची भिंत’ या कलाकृतीला हात घातला. कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मपरंपरेत अंगावर बाळगायचा ‘पातुआ’ असतो. आपला ताईतच तो, फक्त कापडी आणि छोट्या उशीसारखा. रोझानाने आपल्या कुटुंबातली अकरा जुनी छायाचित्रे घेतली, ती अशा कापडी ताइतांवर छापली, कडा दोऱ्याने शिवल्या आणि तेच अकरा चेहरे पुन्हा पुन्हा वापरून दीड हजारांची भिंत उभी केली. एखाद-दुसऱ्या काळ्या चेहऱ्याकडे दुर्लक्ष करता येते, तीन हजार डोळे एकदम तुमच्याकडे बघू लागले तर येत नाही, असा तिचा साधा हिशेब आहे. पण मला त्या आकड्यापेक्षा अकरा हा आकडा अधिक बोलका वाटतो. दीड हजारांच्या गर्दीसाठी तिने अनोळखी चेहरे गोळा केले नाहीत. समाज म्हणजे घरातल्याच माणसांची आवृत्ती, अशी काहीशी तिची धारणा असावी.

१९९७ मधल्या ‘बास्तिदोरेस’ या मालिकेत भरतकामाच्या लाकडी गोल चौकटींत तिने काळ्या स्त्रियांचे चेहरे ताणून बसवले आणि त्यांचे ओठ, डोळे, गळे काळ्या दोऱ्याने शिवून टाकले. ही शिवण नाजूक मुळीच नाही. जखमेला घाईत टाके घालावेत तशी ती ओबडधोबड आहे. सुईदोरा म्हणजे बाईच्या सोशिकपणाची खूण, हे समीकरण आपल्याकडेही घट्ट आहे. गोधडी शिवणाऱ्या आजीवर आपण भरभरून हळवे लिहितो. मीही लिहिले आहे. रोझानाच्या सुईने मला त्या हळवेपणाची थोडी लाज वाटायला लावली.

पुढे २०१३ च्या ‘आसेंतामेंतो’ या कलाकृतीत ती आणखी मागे गेली. १८६५ मध्ये लुई अगासी हा निसर्गशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये आला होता आणि वंशांची उतरंड सिद्ध करण्यासाठी त्याने ऑगुस्तो स्टाल या छायाचित्रकाराकडून काळ्या माणसांची विवस्त्र छायाचित्रे काढून घेतली होती: समोरून, बाजूने, पाठीमागून, एखाद्या नमुन्यासारखी. त्यांतल्या एका स्त्रीचे छायाचित्र रोझानाने पूर्णाकृती मोठे करून कापडावर छापले, आडवे कापले आणि पुन्हा शिवले. शिवताना तुकडे तिने मुद्दाम नीट जुळू दिले नाहीत. गुलामीत उखडलेले माणूस नव्या भूमीवर स्वतःला पुन्हा जोडते, पण ते जोडणे पूर्वीसारखे कधीच होत नाही. आणि मग त्या शरीरावर तिने लाल दोऱ्याने हृदय भरले, पोटात गर्भ भरला, पायांशी मुळे भरली. शास्त्रज्ञाने नमुना म्हणून पाहिलेल्या बाईला तिने आई आणि जननी करून टाकले. अगासीचे मूळ छायाचित्र हार्वर्डच्या संग्रहात आहे. पण मी तरी आता ते रोझानाच्या टाक्यांशिवाय पाहू शकत नाही.

कापड हे चित्रदालनाबाहेरही ओळखीचे साधन झाले, आणि तिथे ते एकट्यादुकट्याचे राहिले नाही. साल्वादोर हे बाहिया राज्याच्या राजधानीचे शहर. तिथे पाचांतले चार जण काळे किंवा पार्दो आहेत, तरी सत्तरच्या दशकात कार्निव्हलच्या प्रतिष्ठित पथकांत त्यांना सहसा जागा नसे. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये कुरुझू भागातल्या तरुणांनी स्वतःचे पथक काढले आणि त्याला पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतले ‘इले आइये’ हे नाव दिले. इले म्हणजे घर, आइये म्हणजे हे जग. संस्थापकांपैकी आंतोनियो कार्लोस ‘व्होव्हो’ यांची आई, मांय इल्दा, कांदोंब्लेची धर्ममाता होती आणि तिच्या मंदिराच्या आवारातच पथकाचा संसार मांडला गेला. १९७५ मध्ये ते पहिल्यांदा रस्त्यावर उतरले, तेव्हा शहरातल्या एका वृत्तपत्राने त्यांना ‘वंशवादी पथक’ ठरवून झोडपले. ज्यांना दार बंद होते त्यांनी स्वतःचे घर बांधले, तर तेच घर भेदभाव करते म्हणायचे, हा युक्तिवाद आपल्याला परका नाही. पथक टिकले. आफ्रिकेतला एखादा देश किंवा काळ्यांचा एखादा उठाव असा विषय दरवर्षी घेऊन त्यावर गाणी, कापडावरची छपाई आणि अभ्यास, असे सगळे एकत्र चालते. त्या कापडांची रचना वर्षानुवर्षे जे. कुन्या या चित्रकाराने केली. १९८८ मध्ये मांय इल्दाने त्याच आवारात मुलांची शाळा सुरू केली. शाळांत आफ्रो-ब्राझिलियन इतिहास शिकवणे बंधनकारक करणारा कायदा आला २००३ मध्ये, म्हणजे तिच्यानंतर पंधरा वर्षांनी.

याच शहरात आपल्या ओळखीचा एक माणूस अनपेक्षित वेशात भेटतो. १९४९ च्या कार्निव्हलमध्ये बंदरावरच्या हमालांनी ‘फिल्योस दि गांधी’, म्हणजे ‘गांधींची लेकरे’, हे पथक काढले. गांधीजींच्या हत्येला तेव्हा वर्षच झाले होते. हातात पैसा नव्हता म्हणून पहिल्या वर्षी पलंगावरच्या चादरींचे झगे केले आणि डोक्याला टॉवेल गुंडाळले, असे सांगतात. आज हजारो पुरुष पांढरे झगे आणि फेटे घालून, गळ्यात ओशाला आणि ओगुम या देवतांच्या पांढऱ्या-निळ्या माळा घालून, लॅव्हेंडरचे अत्तर शिंपडत इजेशा तालावर चालतात. पंचा नेसलेल्या आपल्या म्हाताऱ्याशी त्या वेशाचे फारसे साम्य नाही, आणि कुणी ते मनावरही घेत नाही. पोलिसांच्या जाचातून आपली देवळे आणि आपले ढोल वाचवणाऱ्या माणसांना शांततेचे एक जगन्मान्य नाव हवे होते. ते त्यांनी घेतले आणि आपल्या देवांच्या माळा त्याच्या गळ्यात घातल्या, असे मी समजते.

आता पुन्हा कागदाकडे. कारोलिना मारिया दि जेझुस (१९१४–१९७७) साओ पावलोच्या कानिंदे वस्तीत राहत होती, तीन मुलांना एकटीने वाढवत होती आणि रस्त्यावरचा रद्दी कागद वेचून विकत होती. शाळेची तिची दोनच वर्षे झाली होती. वेचलेल्या कागदांतल्या कोऱ्या पानांच्या वह्या ती बाजूला ठेवी आणि त्यांत रोजनिशी लिही. आउदालिओ दांतास या पत्रकाराला त्या वह्या १९५८ मध्ये दिसल्या आणि १९६० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. शहर हा दिवाणखाना असेल तर आमची वस्ती ही त्याची अडगळीची खोली आहे, असे ती म्हणे. तेच पुस्तकाचे नाव झाले. पहिली दहा हजारांची आवृत्ती पाहता पाहता संपली, डझनाहून अधिक भाषांत अनुवाद झाले. १३ मे १९५८ च्या नोंदीत, गुलामगिरी संपल्याच्या सत्तराव्या वर्षदिनी, ती लिहिते की आपण आजच्या गुलामगिरीशी, म्हणजे भुकेशी, झुंजत होतो. भुकेला तिने रंगही दिला आहे: पिवळा.

मला मात्र त्यानंतरची कारोलिना अधिक अस्वस्थ करते. तिला कविता लिहायच्या होत्या, कादंबरी लिहायची होती. तिने गाणी रचली आणि १९६१ मध्ये स्वतःच्या आवाजात त्यांची ध्वनिमुद्रिकाही काढली. वाचकांना हे काही नको होते. त्यांना डोक्याला फडके बांधलेली, भुकेबद्दल लिहिणारी बाईच हवी होती. १९६३ मधली कादंबरी तिला पदरचे पैसे घालून छापावी लागली आणि पुढे तिच्यावर पुन्हा कागद वेचायची पाळी आली. दलित आत्मकथनांच्या लेखकांकडे फक्त साक्षीदार म्हणून पाहायचे, कलावंत म्हणून नाही, ही सवय आपल्या समीक्षेलाही होती. म्हणून हे सगळे मला फार दूरचे वाटत नाही. २०२१ मध्ये साओ पावलोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने ही चूक थोडीफार दुरुस्त केली: तिथे डोक्यावर फडके नसलेली, मोत्यांची माळ घातलेली, रुबाबदार कारोलिना लोकांनी पाहिली.

तिचे पुस्तक १९६० नंतर ज्या घरांत पोहोचले, त्यांत बेलो ओरिझोंतेमधल्या एका धोबीणकाम करणाऱ्या बाईचे घर होते. तिनेही मग वहीत लिहायला घेतले. तिची मुलगी कॉन्सेसाँव एव्हारिस्तो, जन्म १९४६. मालकिणींचे धुतलेले कपडे वाळेनात आणि पाऊस हटेना, की आई ओल्या मातीवर काटकीने मोठा सूर्य काढायची, त्याला बोलावण्यासाठी. आपण पाहिलेले पहिले लेखन ते, असे कॉन्सेसाँव सांगते. घरकाम करत शिकलेली, शिक्षिका झालेली, पुढे साहित्यात डॉक्टरेट मिळवलेली ही लेखिका चव्वेचाळीसाव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा छापली गेली, १९९० मध्ये, ‘कादेर्नोस नेग्रोस’ म्हणजे ‘काळ्या वह्या’ या वार्षिकात. हे वार्षिक १९७८ पासून निघते: एका वर्षी कविता, पुढच्या वर्षी कथा, आणि खर्च लेखक आपसात वाटून घेत. प्रकाशकांच्या दारात ताटकळण्यापेक्षा त्यांनी वर्गणी काढली.

कॉन्सेसाँवने लिहिणे आणि जगणे हे दोन शब्द सांधून ‘एस्क्रेव्हिव्हेन्सिया’ असा नवा शब्द घडवला. मराठीत मी त्याला ‘जगलेखन’ म्हणून पाहिले, पण कानाला बरे वाटले नाही. तिच्या मनात त्या शब्दामागे एक चित्र आहे: गुलामगिरीच्या काळात मालकाच्या मुलांना गोष्टी सांगून निजवणारी काळी दाई. आमचे लेखन हवेलीतल्यांना निजवण्यासाठी नाही, त्यांच्या अन्यायी झोपेतून त्यांना जागे करण्यासाठी आहे, अशा आशयाचे तिचे म्हणणे प्रसिद्ध आहे.

२०१८ मध्ये मशादोने घडवलेल्या त्या साहित्य अकादमीतल्या एका रिकाम्या जागेसाठी तिने अर्ज केला. हजारो वाचकांनी पाठिंब्याच्या सह्या केल्या. तिला एक मत मिळाले. सात वर्षांनी, १० जुलै २०२५ रोजी, आना मारिया गोन्साल्विस ३१ पैकी ३० मतांनी निवडून आली. अकादमीतली पहिली काळी स्त्री. तिच्या २००६ मधल्या भल्याथोरल्या कादंबरीचे नाव आहे ‘रंगाचा दोष’. वसाहतकाळात काळ्या माणसाला चर्चमध्ये एखादे पद हवे असेल, तर आधी या ‘दोषा’बद्दल माफी मिळवावी लागे, त्या नियमावरून ते घेतलेले आहे. २०२४ च्या रिओ कार्निव्हलमध्ये पोर्तेला या जुन्या सांबा पथकाने हीच कादंबरी रस्त्यावर नाचून सांगितली.

कॉन्सेसाँव त्या एका मतापाशी थांबून राहिली नव्हती. २०२३ मध्ये तिने रिओच्या जुन्या बंदराजवळ ‘एस्क्रेव्हिव्हेन्सियाचे घर’ उघडले आणि आपला ग्रंथसंग्रह तिथे वाचकांसाठी मांडला. तिथून थोडे चालत गेले की व्हालोंगोचा धक्का लागतो. आफ्रिकेतून आणलेली अंदाजे नऊ लाख माणसे या धक्क्यावर उतरवली गेली. पुढे तो बुजवून वर रस्ते आणि चौक झाले, आणि २०११ मध्ये खोदकाम चालू असताना त्याचे दगड पुन्हा वर आले.